पिरॅमिड : कोणी बांधले आणि कशासाठी?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत खातीपुरा, जयपूर येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरांवर, शिवछत्रपतींवर किंवा मराठी रंगभूमीवर बोलावे, अशी रीत आहे. ती मोडून मी आपल्याला मिसर देशात घेऊन जाणार आहे. खातीपुऱ्यात राहणाऱ्या मराठी माणसांचा पिरॅमिडांशी काय संबंध, हा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे पहिले उत्तर फार दूर नाही. ते रामनिवास बागेतील अल्बर्ट हॉलमध्ये आहे.

पाहुणे आले की आपण त्यांना अल्बर्ट हॉल दाखवायला नेतो आणि मुले सर्वांच्या पुढे धावत 'ममी'पाशी जाऊन उभी राहतात. १८७६ साली ज्याची कोनशिला बसवली गेली आणि १८८७ साली जे लोकांसाठी खुले झाले, त्या संग्रहालयात एक मिसरी स्त्री निजलेली आहे. तिचे नाव तुतू. नाईलकाठच्या अखमीम या नगरातील, खेम या देवाच्या पुजाऱ्यांच्या घराण्यातील ती स्त्री. टॉलेमी राजवंशाच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी ३२२ ते ३० या दरम्यान केव्हातरी ती वारली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती जयपुरात आली. ऑगस्ट २०२० मध्ये अतिवृष्टीचे पाणी संग्रहालयाच्या तळघरात शिरले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी काचेची पेटी फोडून तिला उचलून वर आणले. आपल्यापैकी अनेकांनी ते वृत्त वाचले असेल.

ही तुतू पिरॅमिडात सापडली असावी, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. गीझाचा महापिरॅमिड बांधवून घेणारा खूफू हा राजा इसवी सनापूर्वी सुमारे २५६० च्या सुमारास होऊन गेला. त्याच्यापासून तुतूपर्यंत जवळजवळ तेवीस शतके लोटली आणि तुतूपासून आपल्यापर्यंत तितकीच. अर्थात, खूफू आणि आपण यांच्या बरोबर मध्यावर ती उभी आहे. तिच्याही दृष्टीने पिरॅमिड हे प्राचीन अवशेषच होते. इतका हा काळ लांब आहे; आणि एवढा काळ टिकून राहावे यासाठीच हे सारे केले गेले होते. ते टिकले का, आणि टिकले ते नेमके काय, हाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम बांधणीकडे वळू. पिरॅमिड एका दिवसात कोणाच्या मनात अवतरला नाही. आधी मिसरी राजे आणि सरदार यांची थडगी कच्च्या विटांची, बैठ्या ओट्यासारखी असत. इसवी सनापूर्वी सत्ताविसाव्या शतकात जोसर नावाच्या राजासाठी इम्होतेप या त्याच्या प्रधानाने सक्कारा येथे दगडी ओट्यावर दुसरा लहान ओटा, त्यावर तिसरा, असे सहा टप्पे चढवले आणि सुमारे ६२ मीटर उंचीची पायऱ्यांची वास्तू उभी राहिली. पुढे स्नेफरू राजाच्या काळी सपाट उतारांच्या बाजू करण्याचा प्रयत्न झाला. दहशूर येथील त्याच्या एका पिरॅमिडाचा उतार खाली सुमारे ५४ अंशांचा आहे आणि निम्म्या उंचीवर तो एकाएकी ४३ अंशांवर येतो. बांधकाम चालू असतानाच भार पेलेना, तडे जाऊ लागले, म्हणून कारागिरांनी उतार कमी केला, असे अभ्यासक मानतात. त्याच राजाने जवळच दुसरा पिरॅमिड आरंभापासून सौम्य उताराने बांधवला आणि तो निर्दोष उतरला. त्याचा पुत्र खूफू. गीझाचा महापिरॅमिड हा अशा रीतीने पिढ्यापिढ्यांच्या अनुभवाचा परिपाक आहे. परग्रहावरून कोणी येऊन तो बांधून गेले असे सांगणारी पुस्तके मोठ्या आवडीने वाचली जातात. परंतु परग्रहवासीयांना दहशूरचा वाकलेला पिरॅमिड बांधून शिकण्याची गरज कशाला पडली असती?

महापिरॅमिडाची प्रत्येक बाजू सुमारे २३० मीटर लांब आहे आणि मूळ उंची सुमारे १४६ मीटर होती. मिसरी मापाने पाया ४४० हात आणि उंची २८० हात. त्यांचा राजहात सुमारे साडेबावन्न सेंटीमीटरांचा असून त्याचे सात तळवे होत. एक हात वर चढताना भिंत साडेपाच तळवे आत घ्यायची, एवढ्या साध्या नियमाने तो सारा उतार साधलेला आहे. चारही बाजूंच्या लांबीत काही सेंटीमीटरांचाच फरक आहे, आणि उत्तर दिशा साधण्यातील चूक एका अंशाच्या पंधराव्या भागाहूनही कमी आहे.

जयपूरकरांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आपल्या जंतरमंतरातील सम्राट यंत्राची उतरती भिंत सवाई जयसिंहांनी पृथ्वीच्या अक्षाला समांतर, जयपूरच्या अक्षांशाइतक्या म्हणजे २७ अंशांच्या कोनात बसवली; त्यासाठी प्रथम उत्तर दिशा अचूक सापडावी लागली. आपल्या शुल्बसूत्रांत शंकूच्या सावलीवरून दिशा ठरवण्याची रीत सांगितली आहे : जमिनीवर वर्तुळ काढावे, मध्यभागी शंकू रोवावा, सकाळी आणि दुपारनंतर सावलीचे टोक वर्तुळाला जेथे टेकेल तेथे खुणा कराव्यात आणि त्या जोडाव्यात, म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा मिळते. मिसरी लोकांनी अशीच सावली वापरली की रात्री ताऱ्यांचा वेध घेतला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण साधने दोरी, खुंटी, ओळंबा आणि धीर एवढीच होती, यावर मतभेद नाही.

आता श्रमांचा हिशेब पाहू. महापिरॅमिडात सुमारे तेवीस लाख शिळा आहेत, आणि सरासरी वजन अडीच टन धरले जाते. काम तेवीस वर्षे चालले असे मानले, तर वर्षाला एक लाख शिळा झाल्या, दिवसाला पावणेतीनशे. दहा तासांचा दिवस धरला तर सुमारे दर दोन मिनिटांना एक शिळा जागेवर बसली पाहिजे, आणि हा क्रम वर्षानुवर्षे खंडू नये. यात जादूला वाव नाही. यात वाव आहे तो व्यवस्थेला.

गाभ्याचा बहुतेक दगड गीझाच्या पठारावरच खणला गेला. बाहेरच्या आवरणाचा शुभ्र चुनखडक नाईलच्या पैलतीरावरील तुरा येथील खाणींतून नावांनी येई. आणि आतील राजकक्षाच्या प्रचंड ग्रॅनाइट तुळया सुमारे आठशे किलोमीटर दूर असलेल्या अस्वानहून. जमिनीवर शिळा ओढण्यासाठी चाके नसलेल्या लाकडी घसरगाड्या होत्या. आपल्या खातीपुऱ्याच्या नावात 'खाती' हा शब्द आहे, आणि राजस्थानीत खाती म्हणजे सुतार. पिरॅमिड म्हटले की आपल्याला पाथरवट आठवतात. पण घसरगाड्या, तरफा आणि नावा करणाऱ्या सुतारांवाचून त्यातील एकही शिळा हलली नसती. पिरॅमिडाच्या शेजारच्या खंदकात १९५४ साली सापडलेली खूफूची देवदाराची नौका ४३ मीटरांहून लांब आहे. ती १२२४ तुकड्यांत सुटी करून पुरलेली होती. सुतारकामाचा तो नमुना पाहून आजचेही कारागीर थक्क होतात.

नंतरच्या काळातील, इसवी सनापूर्वी सुमारे १९०० च्या एका थडग्यात असे चित्र होते की १७२ माणसे एक प्रचंड पुतळा घसरगाडीवरून ओढीत आहेत आणि गाडीच्या पुढे उभा असलेला एक माणूस वाळूवर पाणी ओतीत आहे. पुष्कळ वर्षे हा काही धार्मिक विधी असावा असे समजले जाई. २०१४ साली ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवले की वाळू योग्य प्रमाणात ओली असेल तर ओढण्याचे श्रम जवळजवळ निम्मे होतात. शिळा वर कशा चढवल्या, याचाही एक धागा २०१८ साली हातनुब येथील खाणीत हाती लागला. तेथे खूफूच्या काळातील एक तीव्र चढाचा उतरणीमार्ग सापडला. त्याच्या दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खुंट रोवण्याच्या खळगी आहेत. खुंटांना दोराचे वळसे देऊन शिळा ओढल्या जात असाव्यात. पिरॅमिडाभोवतीची उतरण सरळ होती की वळसे घेत वर जाणारी, हा वाद मात्र अद्याप चालू आहे.

हे सारे केले कोणी? ग्रीक इतिहासकार हिरोडोटस हा पिरॅमिडानंतर दोन हजार वर्षांनी मिसरमध्ये गेला आणि एक लाख माणसे वीस वर्षे राबत होती असे लिहून बसला. पुढे त्यात चाबूक आणि बेड्या यांची भर पडली. आपल्याकडे ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची कथा सांगतात. तिला जसा पुरावा नाही, तसाच पिरॅमिड गुलामांनी बांधले या कथेलाही नाही. १९८८ पासून मार्क लेहनर यांनी गीझाच्या दक्षिणेला कामकऱ्यांची वस्ती खणून काढली. तेथे भाकरीच्या भट्ट्या, धान्याची कोठारे, लांबलचक निवासशाळा आणि गुरे, शेळ्या, मेंढ्या यांच्या हाडांचे ढीग सापडले. १९९० साली त्याच परिसरात कामकऱ्यांची थडगी उजेडात आली. तेथील सांगाड्यांचे मणके भाराने झिजलेले आहेत. पण मोडलेली हाडे नीट बसवून जुळवलेलीही आढळतात. जायबंदी मजुराची हाडे कोणी तरी काळजीपूर्वक बसवली होती. आणि त्या माणसांना राजाच्या पिरॅमिडाच्या सावलीत, आपल्या नावानिशी आणि हुद्द्यानिशी चिरविश्रांती मिळाली. गुलामांच्या वाट्याला हे येत नाही.

याचा अर्थ ते सर्वजण स्वखुशीने आले होते असाही नाही. आपल्या भाषेत 'वेठ' हा शब्द आहे. राजाचे बोलावणे आले की गावाने माणसे द्यायची, ठरलेला काळ काम करायचे आणि परत जायचे, अशी ती पद्धत असावी. कायमचे कुशल कारागीर वेगळे आणि पाळीपाळीने येणारे वेठकरी वेगळे. आजचे बहुतेक अभ्यासक एकंदर आकडा लाखाऐवजी वीस-पंचवीस हजारांच्या आसपास मानतात. या माणसांच्या टोळ्या होत्या आणि टोळ्यांना नावे होती. महापिरॅमिडाच्या राजकक्षावरील, कोणाच्याही दृष्टीस पडू नयेत अशा पोकळ्यांत, शिळांवर तांबड्या रंगाने 'खूफूचे सोबती' अशा अर्थाची टोळीची नावे लिहिलेली आढळली. मेनकौरे राजाच्या एका टोळीने तर स्वतःला 'मेनकौरेचे मद्यपी' असे नाव घेतले होते! जेथे थट्टा आहे आणि चुरस आहे, तेथे माणूसपण अजून शिल्लक आहे, असे मी समजतो.

आता हेतूकडे येऊ. पिरॅमिड हे राजाचे थडगे होते, याविषयी अभ्यासकांत संशय नाही. त्यात काही गूढ शक्ती साठते, त्याच्या आकाराची वस्तू घरात ठेवली की भरभराट होते, असे सांगून बाजारात तांब्याचे पिरॅमिड विकले जातात. त्याला कोणताही आधार नाही. परंतु 'थडगे' एवढे म्हणूनही हेतू पुरता कळत नाही. मिसरी समजुतीप्रमाणे मृत्यूनंतर माणसाचा 'का', म्हणजे त्याचे प्राणतत्त्व, टिकून राही. पण त्याला शरीराचा आसरा हवा, अन्नपाणी हवे आणि त्याचे नाव कोणीतरी उच्चारायला हवे. म्हणून शरीर सत्तर दिवस खारवून, गुंडाळून जपायचे. म्हणून पिरॅमिडाला लागून मंदिर, तेथे रोजचा नैवेद्य आणि त्या नैवेद्यासाठी गावेच्या गावे इनाम. पिरॅमिड हा एकटा दगडाचा डोंगर नव्हता. तो एका अखंड चालणाऱ्या सेवेचा मुकुट होता. पुढे उनास राजाच्या पिरॅमिडात, इसवी सनापूर्वी सुमारे २३५० मध्ये, भिंतींवर मंत्र कोरले गेले. पुजारी उद्या नसले, तर निदान भिंतींनी तरी ते म्हणावेत!

हे आपल्याला परके वाटू नये. पितृपक्षात आपण तर्पण करतो तेव्हा वडील, आजोबा, पणजोबा यांची नावे गोत्रासह उच्चारतो आणि पिंड ठेवतो. आणि ज्यांना दगडातील उदाहरण हवे त्यांनी मध्य प्रदेशातील शिवपुरीला जावे. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे १९२५ साली पॅरिसमध्ये, आपल्या भूमीपासून हजारो कोस दूर निवर्तले. त्यांची संगमरवरी छत्री शिवपुरीला, त्यांच्या मातोश्री सख्याराजे यांच्या छत्रीसमोर उभी आहे आणि मधे तलाव आहे. तेथे त्यांच्या पुतळ्यांना वस्त्रे नेसवण्याची, नैवेद्य दाखवण्याची परंपरा चालत आली. मिसरी पुजाऱ्याला ती छत्री दाखवली असती, तर त्याला एका शब्दाचेही स्पष्टीकरण द्यावे लागले नसते.

फरक एकच आहे, आणि तो मोठा आहे. आपण पिंड ठेवतो आणि देह अग्नीला देतो; नाव ठेवतो, शरीर सोडतो. मिसरी राजाने दोन्ही धरून ठेवण्याचा हट्ट केला. त्याचे फळ काय झाले? पिरॅमिड प्राचीन काळातच फोडले गेले. एवढ्या मोठ्या दगडी डोंगराने चोराला खजिन्याची जागाच दाखवून दिली. खूफूचा देह सापडलेला नाही. ज्याने जवळजवळ अडतीस शतके जगातील सर्वांत उंच वास्तूचा मान टिकवला, त्या राजाची आज सुस्थितीत असलेली संपूर्ण मूर्ती एकच, हस्तिदंताची, साडेसात सेंटीमीटर उंचीची. ती १९०३ साली अबिदोस येथे मिळाली. तळहातावर मावेल एवढी! पुढच्या राजांचे पिरॅमिड लहान होत गेले, आणि अखेर पिरॅमिड सोडून राजांनी डोंगराच्या कपारींत गुप्त थडगी खोदून घेतली. दगडावरचा विश्वास खुद्द राजांनाच उरला नाही.

मग टिकले काय? येथे मला एका माणसाचे नाव आपल्याला सांगायचे आहे. त्याचे नाव मेरेर. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे पिएर तालेट यांच्या पथकाला पपायरसचे तुकडे सापडले. लेखन असलेले याहून जुने पपायरस आजवर कोठेही मिळालेले नाहीत. मेरेर हा खूफूच्या सत्ताविसाव्या वर्षी सुमारे चाळीस माणसांच्या टोळीचा नाईक होता, आणि ते तुकडे म्हणजे त्याची रोजनिशी आहे. आज तुऱ्याला दगड भरला, आज नाव हाकारली, रात्री अमुक ठिकाणी मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी 'खूफूचे क्षितिज' येथे पोहोचलो. पिरॅमिडाचे ते मूळ नाव. देखरेखीला राजाचा सावत्र भाऊ अंखहाफ. सोबत धान्याचे आणि भाकरीचे हिशेब. त्यांत येणे किती, आले किती, बाकी किती, असे रकाने काळ्या आणि तांबड्या शाईने आखलेले! पिरॅमिड बांधताना प्रत्यक्ष त्या कामावर असलेल्या माणसाने लिहिलेले एवढेच आपल्या हाती आहे, आणि ते कोणा राजाने नव्हे, एका नाईकाने लिहिले आहे. तेवीस लाख शिळा जे सांगू शकल्या नाहीत, ते या चार चिटोऱ्यांनी सांगितले.

बंधुभगिनींनो, आपण दप्तराचे लोक आहोत. पुण्याच्या पेशवे दप्तरातील निवडक कागद रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंडांत छापले, म्हणून मोहिमेवरच्या साध्या कारकुनाची चिंता, बैलांची टंचाई आणि थकलेला पगार आपल्याला आज माहीत आहे. शनिवारवाड्याच्या आतील वाडे १८२८ च्या आगीत गेले. पण कागद राहिले.

आता आपल्या मंडळाकडे पाहा. पन्नास वर्षांत गणपती किती बसले, नाटके कोणती झाली, वर्गण्या किती आल्या, हे वृत्तांतात येईल आणि यावेच. परंतु पहिल्या उत्सवाला मंडपाच्या दोऱ्या कोणी बांधल्या, बदली होऊन आलेल्या नव्या कुटुंबाला पहिल्या रात्री पिठलेभात कोणाच्या घरून गेला, परमुलखात कोणाची आई वारली तेव्हा तिरडी धरायला कोण चौघे उभे राहिले, ही नावे कोठे लिहिलेली आहेत? ती ज्येष्ठांच्या स्मरणात आहेत, आणि स्मरणाला बदली असते, निवृत्ती असते आणि शेवटही असतो. सुवर्णमहोत्सवानिमित्त सभागृह बांधण्याचा विचार पुष्कळ मंडळे करतात. सभागृह अवश्य बांधावे. त्याला माझा विरोध नाही. पण भिंतींच्या आधी एक वही आणावी. प्रत्येक जुन्या घरी जाऊन विचारावे, आणि ज्याचे काम त्याच्या नावाने, तारखेसह, मराठीत लिहून ठेवावे. ज्या मुलांना मराठी बोलता येते पण लिहिता येत नाही, त्यांच्याच हाती लेखणी द्यावी. दुसरी कोणतीही शिकवणी यापेक्षा बरी होणार नाही.

अल्बर्ट हॉलमध्ये पुन्हा जाल तेव्हा तुतूच्या पेटीवरील नाव मुलांना मोठ्याने वाचायला सांगा. घरापासून इतक्या दूर, परक्या लिपीत आणि परक्या भाषेत, रोज कोणी ना कोणी तिचे नाव उच्चारते. तिच्या माणसांनी तिच्यासाठी जे मागितले होते, त्यातले एवढे तरी आपल्या जयपुरात तिला मिळते आहे. आपल्या माणसांसाठी ते करणे आपल्या हाती आहे.